इव्हँजेलियनमधले संदर्भ: खरे कुठले आणि ओढूनताणून आणलेले कुठले?

पॉज_बटण
१९९५-९६ची जपानी ॲनिमे मालिका 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन', सगळे २६ भाग, थांबवत थांबवत बघून संदर्भांची यादी करायची आहे. क्रॉसच्या आकाराचे स्फोट, लाँगिनसचा (येशूच्या कुशीत खुपसलेला) भाला, शीर्षकगीतात झळकून जाणारा कब्बालाचा (ज्यू गूढविद्येचा) जीवनवृक्ष हे तर कुणालाही दिसतं. पण त्यातून अर्थ काढायचा का? जपानी प्रेक्षकाला चटकन कळतं आणि सबटायटल वाचणाऱ्याच्या हातून निसटतं, असं काय काय आहे? आणि एखादा संदर्भ मुद्दाम घातलाय की योगायोग आहे, हे ठरवायचं कसं?

कांजीकीडा
क्रॉसचा माग काढत गेलात तर भलत्याच गल्लीत शिराल. सहदिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनीच सांगून टाकलंय की महाकाय रोबोंच्या मालिका ढिगाने होत्या, त्यांत आपली उठून दिसावी म्हणून ही चिन्हं घेतली. जपानमध्ये ख्रिस्ती लोक थोडे, त्यामुळे ती आपोआप गूढ वाटतात. क्रॉस यादीत जरूर लिहा, पण 'सजावट' या रकान्यात.

खरा माल आडनावांत आहे. कात्सुरागी, आकागी, आयानामी, इबुकी, ह्यूगा, आओबा, फुयुत्सुकी ही सगळी जपानी नौदलाच्या जहाजांची नावं आहेत. आसुका या मुलीच्या नावात तर दोन देशांच्या विमानवाहू नौका एकत्र आल्यात: जपानची सोर्यू आणि १९२२ साली सेवेत आलेली अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका लँगली. तिच्या आईच्या नावात 'झेपेलिन' आहे, म्हणजे जर्मनीची कधीच पुरी न झालेली ग्राफ झेपेलिन. मुलगी जपानी, जर्मन, अमेरिकी अशा मिश्र घरातली, हे नावातच सांगून झालं. आणि नायक शिंजीचं आडनाव इकारी, म्हणजे चक्क नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे).

सेल_आणि_शाई
वरच्या यादीला एक दुरुस्ती. रोमन लिपीत सगळं सारखं दिसतं, पण कांजी (अर्थ सांगणारी चिनी चित्राक्षरं) तपासली की फरक कळतो. आयानामी आणि कात्सुरागी जहाजांसारखीच लिहितात. रित्सुको आकागीच्या नावातला दुसरा कांजी मात्र 'झाड' आहे, जहाजाच्या नावात 'किल्ला'. आसुकाचं सोर्यूही वेगळ्या कांजीत लिहिलेलं आहे. जहाजाच्या नावाचा अर्थ 'निळा ड्रॅगन', तिच्या नावात ड्रॅगन नाहीच. याचा अर्थ संदर्भ खोटा असा नाही. एकटंदुकटं नाव जुळलं तर ते काहीच सिद्ध करत नाही, पण एकाच तळावरच्या सात-आठ जणांची आडनावं जहाजांची निघाली तर तो योगायोग नसतो.

आणि सगळीच नावं जहाजांत कोंबू नका. वर्गमित्र तोजी सुझुहारा आणि केन्सुके आइदा यांची नावं रियू मुराकामी यांच्या कादंबरीतून आलीत. तिथे जहाज शोधणारे हमखास फसतात.

ऐकणारा_कान
नावांपलीकडेही बघा. सहाव्या भागातलं 'यशिमा ऑपरेशन' सबटायटलमध्ये नुसतं एक नाव म्हणून निघून जातं. जपानी शाळेत शिकलेल्याला ११८५ची यशिमाची लढाई आठवते. त्या लढाईच्या कथेत नासु नो योइची घोड्यावरून एकाच बाणात होडीवरचा पंखा पाडतो. इथेही लांबून एक नेम धरून मारायचा आहे. शिवाय 'यशिमा' म्हणजे आठ बेटं, जपान देशाचं जुनं नाव, आणि या मोहिमेला अख्ख्या देशाची वीज लागते. मालिकेत हा शब्द काताकानात (फक्त उच्चार दाखवणाऱ्या लिपीत) लिहिलाय, कांजीत नाही, म्हणून दोन्ही अर्थ मोकळे राहतात. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सगळ्यात हुशार संदर्भ हाच. २०११च्या भूकंपानंतर वीज वाचवायच्या ऑनलाइन मोहिमेला लोकांनी हेच नाव दिलं होतं.

दुसरं म्हणजे सिकाडा किड्यांची किरकिर. जपानमध्ये ती उन्हाळ्याची खूण. मालिकेत 'सेकंड इम्पॅक्ट' या जागतिक संकटानंतर जपानात कायमचा उन्हाळा झालाय, त्यामुळे ती किरकिर थांबतच नाही. हा कुणाला केलेला सलाम नाही, घरच्या प्रेक्षकाला न सांगता कळणारी गोष्ट आहे. यादीत याचा रकाना वेगळा ठेवा, नाहीतर सगळं 'संदर्भ' या एकाच पोत्यात जाईल.

सेल_आणि_शाई
पडताळणीचं राहिलं. तीन प्रश्न विचारायचे: मूळ कृती आधीची आहे का, करणाऱ्याने ती पाहिल्याचा पुरावा आहे का, आणि साम्य त्या एकाच कृतीशी आहे की अख्ख्या प्रकाराशी?

अल्ट्रामॅनचं उदाहरण घ्या. १९६६ची मालिका, नायकाला पृथ्वीवर लढायला तीनच मिनिटं. इव्हाची (इथल्या महाकाय रोबोची) केबल तुटली की आतली बॅटरी पाच मिनिटं पुरते. नुसत्या घड्याळावरून मी हे 'अंदाज' मध्ये टाकलं असतं. पण दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी विद्यार्थिदशेत मित्रांबरोबर हौशी अल्ट्रामॅनपट काढला होता आणि त्यात स्वतः अल्ट्रामॅनचं काम केलं होतं. मग शंका उरत नाही. काळ्या पडद्यावर जाड मिंचो (जपानी छपाईतला एक टाइप) अक्षरांत काटकोनात वळणारी भागांची नावंही अशीच, ती दिग्दर्शक कोन इचिकावा यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीवरून आलीत. तिथे कथेत काहीच साम्य नाही, फक्त अक्षरांची मांडणी.

कामाची पद्धत: मूळ जपानी ऑडिओ लावा, डब नको. प्रत्येक नोंदीला भाग क्रमांक आणि मिनिट-सेकंद लिहा. नाव आलं की कांजी शोधा. शेवटच्या श्रेयनामावलीत 'एकोन्ते' म्हणजे स्टोरीबोर्ड आणि 'एन्शुत्सु' म्हणजे त्या भागाचं दिग्दर्शन कुणाचं ते टिपा, कारण दृश्यातला सलाम बहुधा त्या माणसाचा असतो, मालिकेच्या मुख्य दिग्दर्शकाचा असेलच असं नाही. मग मालिकेच्या नावापुढे 'मोतोनेता' हा शब्द जपानी लिपीत टाकून शोधा. अर्थ 'मुळात कशावरून घेतलं'. चाहत्यांच्या याद्या एकमेकांवरून उतरवलेल्या असतात. तीच गोष्ट पाच ठिकाणी दिसली म्हणजे पाच पुरावे झाले असं नव्हे.

पॉज_बटण
म्हणजे साखिएल, शामशेल, रामिएल ही एंजलची (मालिकेतल्या शत्रूंची) नावं सजावटीतच टाकू?

कांजीकीडा
नावं देवदूतांचीच आहेत, बाहेरून उचललेली, तेव्हा सजावट चालेल. पण ऑडिओ नीट ऐका. पात्रं 'तेन्शी' म्हणजे देवदूत म्हणतच नाहीत, 'शितो' म्हणतात, आणि शितो म्हणजे प्रेषित, येशूच्या शिष्यांना वापरतात तो शब्द. 'एंजल' हा शब्द मालिकेतल्या पडद्यांवरही इंग्रजीत दिसतो, त्यामुळे ती निव्वळ भाषांतरकाराची चूक नाही. दोन्ही शब्द मुद्दाम ठेवलेत. त्या नोंदीला दोन ओळी द्या.