मदत हवी आहे: बोडो/ग्लिम्ट आणि उत्तर नॉर्वेच्या क्लबांवरील जुनी बंदी

नमस्कार मंडळी,

नॉर्वेतील बोडो/ग्लिम्ट या फुटबॉल क्लबच्या इतिहासावर मी एका दिवाळी अंकासाठी दीर्घ लेख लिहीत आहे. त्यातील एका कालखंडाबद्दल नॉर्वेत राहणाऱ्या, नॉर्वेजियन वाचता येणाऱ्या किंवा युरोपीय फुटबॉलच्या इतिहासाचा अभ्यास असणाऱ्या सदस्यांकडून माहिती आणि संदर्भ हवे आहेत. प्रश्न नीट कळावा म्हणून पार्श्वभूमी थोडी विस्ताराने मांडतो.

या क्लबचे अलीकडचे यश आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॉन्फरन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या सामन्यात त्यांनी प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांच्या इटलीतील रोमा संघाला ६–१ असे हरवले आणि उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर वसलेल्या, जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या या शहराचे नाव जगभर झाले. त्याच्या आदल्याच वर्षी शेतिल क्नुत्सेन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ३० सामन्यांत १०३ गोल करून पहिले लीग विजेतेपद पटकावले होते. पुढे २०२१, २०२३ आणि २०२४ मध्येही ते विजेते ठरले आणि २०२५ मध्ये इटलीच्याच लाझिओला नमवून युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचले. युरोपीय स्पर्धेची उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला नॉर्वेजियन क्लब. या पर्वावर विपुल लिखाण उपलब्ध आहे, त्यामुळे त्याबद्दल माझा काही प्रश्न नाही.

मला अस्वस्थ करते ती त्याआधीची गोष्ट. क्लबची स्थापना १९१६ ची. नॉर्वेची राष्ट्रीय चषक स्पर्धा त्याहूनही जुनी, १९०२ पासूनची, आणि ती जिंकणाऱ्या संघाला ‘नॉर्वेचा विजेता’ म्हटले जाई. असे असूनही देशाच्या उत्तर भागातील क्लबांना या स्पर्धेचा दरवाजा १९६३ पर्यंत बंद होता आणि सर्वोच्च श्रेणीच्या लीगमध्ये तर १९७२ पर्यंत त्यांना स्थानच नव्हते. उत्तरेचे संघ आपापसात खेळत आणि आपला वेगळा प्रादेशिक विजेता ठरवत. म्हणजे बोडोमध्ये एखादा असामान्य खेळाडू जन्माला आला, तर देशाच्या लीगमध्ये खेळण्यासाठी त्याला घर आणि क्लब सोडून दक्षिणेत जावे लागे. हाराल्ड बर्ग यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. ते ऑस्लोच्या लिन क्लबकडे गेले, नंतर हॉलंडमध्ये खेळले आणि सत्तरच्या दशकात स्वतःच्या क्लबकडे परतले. आज त्यांचा नातू पॅट्रिक बर्ग याच क्लबच्या मध्यफळीचा आधारस्तंभ आहे. एकाच घरातील तीन पिढ्यांतून हा सगळा इतिहास सांगता येईल, इतके हे कुटुंब आणि हा क्लब एकमेकांत गुंतलेले आहेत.

१९७२ मध्ये दार उघडले, तेही अर्धेच. त्या वर्षी नार्विकचा म्योल्नर हा सर्वोच्च श्रेणीत खेळणारा उत्तरेचा पहिला संघ ठरला. मात्र त्यानंतरच्या नियमानुसार दुसऱ्या श्रेणीतील दक्षिणेच्या दोन्ही गटांच्या विजेत्यांना थेट बढती मिळे, आणि उत्तर गटाच्या विजेत्याला दक्षिणेच्या गटांतील दुसऱ्या क्रमांकाच्या संघांशी पात्रता सामने खेळावे लागत. बोडो/ग्लिम्टची बढती १९७४ आणि १९७५ अशी सलग दोन वर्षे याच पात्रता फेरीत हुकली. यातले १९७५ हे वर्ष मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्या हंगामात हाउगेसुन्द शहराच्या वार्ड संघाला अंतिम सामन्यात २–० असे हरवून त्यांनी राष्ट्रीय चषक जिंकला. चषक उत्तरेत जाण्याची ती पहिलीच वेळ होती. देशाचा चषक ज्यांच्या कपाटात होता, त्यांना पुढचा हंगाम मात्र पुन्हा दुसऱ्या श्रेणीतच काढावा लागला. अखेर १९७६ मध्ये बढती मिळाली, आणि १९७७ च्या पहिल्याच हंगामात ते लीगमध्ये दुसरे आले व चषकाच्या अंतिम सामन्यातही पोहोचले. दोन्ही ठिकाणी दक्षिणेचा लिलेस्त्रॉम संघ त्यांच्या पुढे राहिला. उत्तरेचे संघ दक्षिणेच्या तोडीचे नाहीत, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर कोणते असू शकेल?

आता माझा मुख्य प्रश्न. ही बंदी प्रवासाच्या अडचणींमुळे होती, की दर्जाबद्दलच्या पूर्वग्रहामुळे? ऑस्लोपासून बोडो हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि लोहमार्ग तेथे १९६२ मध्ये पोहोचला. लगेच पुढच्या वर्षी चषक स्पर्धा उत्तरेला खुली झाली, म्हणून दळणवळणाचे कारण प्रथमदर्शनी पटते. परंतु नार्विकला स्वीडनमार्गे विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच रेल्वे होती, तरीही तेथील संघ बाहेरच राहिले. उलट ट्रॉम्सोला आजतागायत रेल्वे नाही, तरीही तेथील क्लबांना प्रवेश मिळाला. शिवाय प्रवासाचे कारण मान्य केले, तरी सत्तरच्या दशकातील त्या असमान पात्रता नियमाचा उलगडा त्यातून होत नाही, कारण पात्रता सामन्यांसाठीही तोच प्रवास करावा लागतच होता. माझा कल पूर्वग्रहाकडे आहे, पण केवळ अनुमानाच्या आधारे एवढा गंभीर आरोप छापणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून मला मूळ कागद हवे आहेत. १९६३ आणि १९७२ च्या निर्णयांपूर्वी नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाच्या सभांमध्ये झालेल्या चर्चेची इतिवृत्ते कोणी पाहिली आहेत का? ती अभ्यासकांना कुठे पाहायला मिळतात? दुसरे म्हणजे, बोडोमधून त्या काळी ‘नूर्लान्सपोस्तेन’ आणि ‘नूर्लान्स फ्रामतीद’ ही दोन दैनिके निघत, जी २००२ मध्ये एकत्र येऊन ‘आविसा नूर्लान’ झाली. १९७४ आणि १९७५ च्या पात्रता सामन्यांनंतर या दैनिकांनी काय लिहिले, वाचकांची पत्रे कशी होती, हे मला वाचायचे आहे. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे मोठ्या प्रमाणावर डिजिटल केली आहेत, पण त्यांतील बराच भाग नॉर्वेतील ग्रंथालयांत बसूनच वाचता येतो. तेथे राहणाऱ्या कोणा सदस्याला सवडीने एखाद्या ग्रंथालयात जाऊन त्या दोन वर्षांच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील क्रीडापाने पाहता आली, तर फार उपकार होतील. भाषांतराची तसदी घेऊ नये. मजकूर नॉर्वेजियनमध्येच, तारीख आणि पृष्ठक्रमांकासह कळवला तरी पुरेसे आहे.

पिवळे भलेमोठे टूथब्रश घेऊन मैदानावर येण्याची बोडो/ग्लिम्टच्या प्रेक्षकांची प्रथाही सत्तरच्या दशकातलीच आहे. त्या काळात क्लबच्या आस्पमिरा मैदानावर सामने पाहिलेल्या कोणाच्या आठवणी आपल्या ओळखीतून मिळवता आल्या, तर त्याही हव्या आहेत. मात्र आठवण सांगणाऱ्याची संमती घेऊनच त्या येथे लिहाव्यात.

इंग्रजीतील संक्षिप्त माहिती मी वाचलेली असल्याने तिचे दुवे देऊ नयेत, ही विनंती. पात्रता सामन्यांचा तो नियम कोणत्या सभेत, कोणाच्या प्रस्तावावरून आणि किती मतांनी संमत झाला, एवढे जरी कोणी शोधून दिले, तरी लेखाचा अडलेला भाग पुढे सरकेल.