मदत हवी आहे: झीझी-छी काढा खारट आणि गढूळ होतोय

माधवी_सिं: सिंगापुरात आहे. झीझी-छी काढा (झीझी म्हणजे अनंताची सुकी फळं, छी म्हणजे आंबवलेलं काळं सोयाबीन) खारट होतो, तळाशी चिखल बसतो. गाळूनही तेच. आज रात्रीच द्यायचाय, लवकर सांगा.

खलबत्ता: कोणाला? छी कुठली?

माधवी_सिं: सासऱ्यांना. ताप उतरला, पण छातीत तगमग, रात्रभर कूस बदलतात. इथल्या चिनी वैद्यांची चिठ्ठी, दोन्ही ९-९ ग्रॅम. छी त्यांच्याकडे संपली होती, सुपरमार्केटातून आणली.

खलबत्ता: मग खारट होणारच! ती स्वयंपाकाची, मिठात मुरवलेली. औषधाची दान दोऊ छी बिनमिठाची असते. आणि सगळं एकदम उकळलंत ना? झीझीची फळं ठेचून आधी ८०० मिली पाण्यात, ५०० उरेपर्यंत. मग छी मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडा, ३०० वर आलं की गाळा. दोन वेळा, कोमट. छी सुटी उकळली की विरघळते, तोच तुमचा चिखल.

बाभूळबन: एवढा खटाटोप कशाला? डिकेमाली घाला, तीही अनंतासारखी गार्डेनियाच. नाहीतर जटामांसी रात्री भिजत घालून.

खलबत्ता: डिकेमाली वेगळ्या जातीचा डिंक. इथे अनंताचं फळ लागतं. जटामांसीचं कोणी विचारलंय?

ताकभात: शांग हान लुन ह्या जुन्या चिनी वैद्यकग्रंथात उलटी झाली की पुढचा डोस थांबवा असं आहे. म्हणजे हा वांती करवणाराच काढा.

निंबोणी: मग ओकारी असेल तर ह्यातच आलं घाला, असं तोच ग्रंथ का सांगतो? वांती करवायच्या काढ्यात ओकारी थांबवणारं आलं कोण घालेल? ते असो. माधवीताई, सासऱ्यांचं पोट कसंय?

माधवी_सिं: नेहमी पातळच होतं. त्याचा काय संबंध?

निंबोणी: त्याचाच तर आहे. ज्याला कायम पातळ होतं त्याला झीझी देऊ नये, हेही तिथेच लिहिलंय. आज काही देऊ नका. वैद्यांना फोन करून हे सांगा, भाजलेली झीझी द्यायची की काढाच बदलायचा ते ठरवतील. आणि ह्या वयात छातीत तगमग म्हणजे काढ्याच्याही आधी डॉक्टर, ईसीजी. आजच.

बाभूळबन: वनस्पतीच ती, एवढं काय घाबरायचं?

निंबोणी: जपानमध्ये २०१८ साली झीझीच्या औषधांवर इशारा छापायला लावला. वर्षानुवर्षं घेतल्यास आतड्याच्या शिरा कडक होऊ शकतात.

माधवी_सिं: बरं, आधी डॉक्टरांकडे नेते.

ताकभात: अवांतर: आमच्या बाल्कनीतल्या अनंताला फळ का धरत नाही?

खलबत्ता: भरगच्च पाकळ्यांचा असेल. एकेरी फुलाच्या झाडालाच फळ धरतं.