बायोसमधला रेड मोड : कर्नलने जुळवून घ्यायला हवं होतं का?

अजिंक्यतारा, सातारा
आमच्या अभ्यासिकेला वापरलेले लॅपटॉप देणगीत मिळालेत. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकायला गेलं की पेनड्राइव्ह दिसतो, आतली एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) नाही. डीमेसगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, कर्नल (लिनक्सचा गाभा) सांगतो की रिमॅप केलेली (दुसऱ्या कंट्रोलरमागे झाकलेली) एनव्हीएमई सापडली, वापरायची तर बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) रेडवरून (अनेक डिस्का एकत्र बांधायचा मोड) एएचसीआयवर (साधा मोड) न्या. म्हणजे डिस्क आहे हे त्याला ठाऊक आहे, तरी हात लावायचा नाही! यावर २०१९ मध्ये कर्नलकडे पॅच (कोडमधले बदल) पाठवले गेले होते, ते घेतले नाहीत. माझ्या मते ते घ्यायलाच हवे होते. २०१६ मध्ये लेनोवोच्या योगा ९०० मध्ये तर बायोसमध्ये एएचसीआयचा पर्यायच नव्हता. ओरड झाली तेव्हा कंपनीने लिनक्ससाठी वेगळं बायोस काढलं. तोवर लोकांनी काय करायचं?

कृष्णाकाठ, सांगली
अजिबात पटत नाही. या मोडमध्ये इंटेलचा चिपसेट एनव्हीएमई डिस्कला स्वतंत्र पीसीआय डिव्हाइस (पीसीआय म्हणजे संगणकाचे भाग जोडणारा मार्ग) म्हणून राहूच देत नाही. तिचे रजिस्टर (तिला हुकूम द्यायच्या जागा) साटा कंट्रोलरच्या (जुन्या पद्धतीच्या डिस्का सांभाळणाऱ्या भागाच्या) मेमरीत एका कोपऱ्यात दिसतात, बस्स. पीसीआय कॉन्फिगरेशन नाही, स्वतःचे इंटरप्ट (काम झाल्याची प्रोसेसरला हाक) नाहीत. प्रत्येक कोअरला आपली रांग आणि आपला इंटरप्ट, यातच तर एनव्हीएमईचा वेग आहे. शिवाय अमुक डिस्क खोल झोपेतून नीट उठत नाही, तिला तिथवर जाऊ देऊ नको, अशा नोंदी कर्नल बऱ्याच वेळा पीसीआय आयडी बघूनच लावतो. तो आयडीच झाकलेला. उद्या डेटा गेला तर शिव्या कर्नललाच बसणार.

अजिंक्यतारा
सॅमसंगच्या ८६० आणि ८७० एसएसडींना रांगेतलं ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली हे डिस्कला कळवणारी आज्ञा) बंद करून कर्नलने सांभाळून घेतलंच की. मग इथंच हात आखडता का?

कृष्णाकाठ
तिथं डिस्क आपलं मॉडेल सांगते, दोष माहीत आहे, यादीत एक ओळ घातली की बंदोबस्त होतो. आणि कर्नलला कंपन्यांचं वावडं नाही हो. इंटेलचंच व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्का एका कंट्रोलरमागे ठेवायची सोय) घ्या. त्याचा ड्रायव्हर इंटेलने स्वतः दिला, २०१६ मध्ये ४.५ आवृत्तीत आला. व्हीएमडीमागच्या डिस्का निराळ्या पीसीआय डोमेनमध्ये रीतसर दिसतात, नेहमीचाच एनव्हीएमई ड्रायव्हर त्यांना चालवतो. कंपनीने असं दार ठेवलं तर कर्नल आत येतो. भिंत बांधली तर ती फोडायचं काम स्वयंसेवकांच्या माथी मारू नका.

हरिपूरकर, सांगली
माझं दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला विंडोजही ठेवायचं असतं, त्यामुळे 'बायोस बदला' हे सांगणं सोपं, निस्तरणं माझ्याकडे. मोड नुसता बदलला की विंडोज निळा पडदा दाखवतं, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. म्हणून आधी एमएसकॉन्फिगमधून (विंडोजचं एक सेटिंग) सेफ मोड लावा, मग बायोसमध्ये एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की विंडोज आपला ड्रायव्हर उचलतं, मग सेफ मोड काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर रिकव्हरी की हातात आल्याशिवाय काहीच करू नका. आणि दोन डिस्का खरोखरच रेडमध्ये बांधलेल्या असतील तर मोडला हात लावायचा नाही. कर्नल बरोबर आहे, पण हे डीमेसगमध्ये कोण वाचतं? इन्स्टॉलरने ठळक सांगायला हवं.

अजिंक्यतारा
सेफ मोडची युक्ती उपयोगी आहे, आभार. पण आमच्या काही लॅपटॉपना जुन्या मालकाने बायोस पासवर्ड लावलाय. ते आजही लिनक्ससाठी बंदच आहेत. पॅच घेतला असता तर डिस्क हळू का होईना चालली असती, म्हणून माझं मत कायम आहे.