"काम नको त्याने खाऊ नये": मग लाडकी बहीण, रेशन, कर्जमाफी सगळं ख्रिस्ती शिकवणीच्या विरुद्ध?

तिफण_वाशीम (धागाकर्ता)

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) हंगामाची उपकारस्तुती झाली. तूर, कोहळी, गावरान कोंबड्या, सगळ्याचा लिलाव जोरात झाला. संदेशात मात्र पाळकसाहेबांनी बायबलातलं, प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र ३:१० काढलं: काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये. तिथून थेट लाडकी बहीण, फुकट रेशन, कर्जमाफी. सरकार लोकांना ऐतखाऊ करतंय, असा सूर. पुढच्या बाकांवरच्या रिटायर मंडळींनी माना डोलावल्या. (त्यांची पेन्शन सरकारच देतं, ते असो.)

पौल बोलतोय ते काम असून टाळणाऱ्यांबद्दल. मागूनही काम मिळत नाही त्याचं काय? मत्तय २० मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यात (दृष्टांतात) द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळायला तासभर असताना चौकात उभ्या मजुरांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. त्यांनाही तो पुरता एक दीनार, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी, देतो. आपल्या कोरडवाहू गावात हरभरा निघाला की मृग लागेपर्यंत कोण कोणाला कामावर लावतं?

पाच_एकरवाला

त्याच दाखल्यात थोडं पुढं वाचा. कुरकुर करणाऱ्या मजुराला धनी म्हणतो, जे माझं आहे त्याचं मी माझ्या मर्जीनं करू नये का? त्यानं स्वतःच्या पिशवीतून दिलं. येशूच्या दुसऱ्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानंही वाटेतल्या जखमी परक्या माणसासाठी उतारशाळेवाल्याच्या हातावर स्वतःचे दोन दीनार ठेवले, तहसीलला अर्ज नाही टाकला. जमीन विकून थोडा पैसा लपवणाऱ्या हनन्याला प्रेषित पेत्र काय म्हणतो? जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच ताब्यात होता. देणं मनातून यायला पाहिजे. दुसऱ्याचा कर कापून निवडणुकीच्या तोंडावर वाटलं तर त्याला राजकारण म्हणा, प्रीती कशाला म्हणता?

आता वावरातलं बोलू. कापूस फुटून पऱ्हाटीवर लोंबतोय आणि वेचायला बाया नाहीत. बाजूच्या तालुक्यातून गाडी करून आणाव्या लागल्या. वेचाईचे पैसे वेगळे, गाडीभाडं वेगळं. त्यात अवकाळी आला, कापूस भिजला की व्यापारी भाव पाडायला टपलेलाच. मी काही बडा जमीनदार नाही, नावातच लिहिलंय.

दारव्ह्याची_बाई

दादा, बाया भेटत नाहीत म्हनता, तं भाव काय देता ते बी लिहा न. वेचनी किलोवर. पह्यल्या वेचनीत ओटी लवकर भरते. तिसऱ्या वेचनीत दिवसभर वाका तरी भरत नाही, अन् भाव तोच. महिन्याच्या पंधराशे रुपयांत कोनी घरी बसते काय? माया पैशात सिलेंडर येते अन् सासूच्या बीपीच्या गोया. संपले.

पन एक झालं. पह्यले अडीअडचनीले मालकाची उचल घेतली की त्याच्याच वावरात जा लागे, तो देईन त्या भावात. आता नाही म्हनता येते. तुमाले तेच झोंबते.

पाच_एकरवाला

झोंबत नाही ताई. मजुरी वाढवून द्यायला माझ्या कापसाला कोण भाव वाढवून देतं, तेवढं सांगा.

तिफण_वाशीम

ताईंच्या मुद्द्याला उत्तर आलंच नाही, पण असो. "मनातून" वर बोलतो. लेवीय १९ मध्ये देव शेतकऱ्याला सांगतो, शेताचे कोपरे कापू नको, सरवा (कापणीत मागे पडलेलं धान्य) वेचू नको, ते गरिबाला आणि परक्याला राहू दे. ही आज्ञा आहे, धन्याच्या मर्जीचा प्रश्नच नाही. अनुवाद १४ मध्ये दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) गावातच साठवायचा, लेवी (देवाच्या सेवेतलं, जमीन नसलेलं कुळ), परदेशी, पोरका, विधवा यांच्यासाठी. याला कर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आमच्याकडे सोयाबीन निघालं की बाया अजूनही सरवा वेचतात. पण आता हार्वेस्टर फिरतो आणि हरभऱ्याच्या घाईत लगेच मागून रोटाव्हेटर. सांडलेले दाणे मातीत. कायद्यात नसलेला हक्क असाच जातो, कोणाला पत्ताही लागत नाही.

पाच_एकरवाला

पण सरवा घरपोच येत नव्हता. बायबलातली गरीब विधवा रूथ सकाळपासून बवाजाच्या शेतात वाकून वेचत होती, तेव्हा सासूच्या ताटात पडलं. म्हणून रोजगार हमीला माझा विरोध नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच राज्यानं ती उभी केली, १९७७ ला कायदा केला. काम मागा, काम घ्या. खात्यात आपोआप पडणारा पैसा वेगळा.

मगनवाडी_वर्धा

हा वाद आमच्या वर्ध्याला नवा नाही. इंग्रज लेखक रस्किनच्या 'अन टू धिस लास्ट' या ज्या पुस्तकावरून गांधींनी "सर्वोदय" लिहिलं, त्याचं नावच या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातून घेतलेलं. आणि १९३४ पासून मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवणारे, गांधींचे सहकारी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा स्वतः ख्रिस्ती. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या हे त्यांचं काम. पैसा वाटता कसा याच्या आधी कमावता कसा, ते बघायचे. तुम्ही दोघं वाटपावरच भांडताय. कापूस गावातून बाहेर गेला की त्यावरची कमाईही बाहेर जाते, त्यावर कोणी बोलत नाही.

दीक्षाभूमी_५६

मी तुमच्या धर्माचा नाही. मिशनच्या दवाखान्यात आमच्या घरची बाळंतपणं झाली, त्याबद्दल आदर आहे. पण दान देणाऱ्याची मर्जी फिरली की दान संपतं, म्हणून आम्हाला हक्क पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीत जागा नाही. शिखांना ती १९५६ ला मिळाली, बौद्धांना १९९० ला. म्हणजे तुमच्याच मंडळीतला भूमिहीन मजूर दोन्हीकडून कोरडा. सरकारी मदतीला नावं ठेवणाऱ्या पाळकांना विचारा, दशमांशातून त्याला काय मिळतं?

पाच_एकरवाला

हा प्रश्न रास्त आहे. मंडळीनं आपलं काम केलं असतं तर सरकारकडे हात पसरावा लागला नसता, हेच तर मी म्हणतोय.

दारव्ह्याची_बाई

हात कोनी पसरला बाप्पा? फारम भरला, आधार जोडलं, बँकेत तीन चकरा मारल्या. अन् रोजगार हमीचं म्हनता तं माया सासूचे गुडघे गेले, तिले कोन्या कामावर लावता?

तिफण_वाशीम

@दीक्षाभूमी_५६, पंचांच्या बैठकीत विचारलं. लिलावाचे पैसे आधी कंपाउंडच्या भिंतीला, मग बघू, असं उत्तर आलं.