अनुभव धागा : तुमच्या गावच्या जुन्या स्मारकशिळांवर काय कोरलंय?

नागपूरच्या आसपास फिरताना देवळामागे, पाराखाली, शेताच्या धुऱ्यावर कोरीव उभे दगड दिसतात. शेंदूर फासलेला असला की लोक देव म्हणून पाया पडून पुढे जातात. यातले कितीतरी वीरगळ (लढताना पडलेल्या वीराचा दगड) किंवा सतीशिळा (सती गेलेल्या बाईचा दगड) असतात, म्हणजे कुणाची तरी आठवण. बहुतेकांवर एक अक्षरही नसतं, सांगायचं ते सगळं चित्रांत. तुम्ही पाहिलेल्या दगडाबद्दल लिहा.

काटोलकडून
आमच्या शिवारातला वीरगळ एका जाणत्या काकांनी मला खालून वर वाचून दाखवला. तळाच्या चौकटीत गायी आणि तलवार उपसलेला माणूस : गोधन सोडवताना तो पडला. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर याची कीर्ती. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ढोरं राखली जातात. त्या गायी ओळखल्या तेव्हा अंगावर काटा आला. राजासाठी नाही, गावच्या जनावरांसाठी जीव देणाऱ्याचीही कुणीतरी शिळा घडवली!

सावनेरहून
आमच्याकडे सतीशिळा आहे. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात, पंजा वर. बांगड्या शाबूत म्हणजे सौभाग्य अखंड, असा त्याचा अर्थ. आजी तिथं ओटी भरायची, लग्नानंतर मीही भरली. आता मात्र नुसती उभी राहते. ती बाई स्वतःहून गेली की तिला ढकललं, हे त्या हातावरून कळत नाही आणि मला तेच विचारायचं असतं. दगड हलवू नये, पण तिथं नवस बोलणं थांबावं असं मनापासून वाटतं.

मेळघाटात नोकरी केलेला नागपूरकर
कोरकू लोक मेलेल्या माणसासाठी सागवानी फळी कोरतात, तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर घोडेस्वार आणि चंद्र-सूर्य. लाकूड आहे, ऊनपावसात झिजतं. दिसली तर नीट पाहून घ्या.

कामठीहून
ख्रिस्ती थडग्यांवरही खुणा असतात. जहाजाचा नांगर म्हणजे आशा, तुटलेला खांब म्हणजे अर्ध्यात संपलेलं आयुष्य, कोकरू बहुतेकदा लहान लेकराचं. कोकरू दिसलं की मी तारखा वाचत नाही.

पुन्हा काटोलकडून
एक राहिलंच. देवळाच्या जीर्णोद्धारात आमचा वीरगळ पायरीत बसवायचं घाटत होतं. काकांनी गावकऱ्यांना तिन्ही चौकटी समजावल्या, मग तो पारावर उभा केला. ज्यांच्या गावात काम निघालं असेल त्यांनी आधीच बोला, सिमेंट पडल्यावर उपयोग नाही. ऑइल पेंट देऊ नका, कोरीवकाम बुजतं. फोटोसाठी खडू किंवा पीठ चोळू नका. सकाळी नाहीतर संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढा, झिजलेली रेघही उठून दिसते.