गाडीतल्या नव्या टेपवर सांगली आकाशवाणी लागत नाही, टचही बिघडलाय

बेदाणा_तासगाव
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानात दोन हेलपाटे झाले आणि दोन्ही वेळा "अँड्रॉइड टेप असाच असतो" एवढंच ऐकून परत आलो.

गाडी २०१६ ची डिझेल, सेकंडहँड घेतलेली. मागच्या दिवाळीत पोरांच्या हट्टाने कंपनीचा टेप काढून ९ इंची टचस्क्रीनचा बसवला. रिव्हर्स कॅमेरा चांगला चालतो, मॅप चांगला दिसतो, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आईची आहे. म्हणजे ती करत नाही, मीच करतोय. तिचं वय ७८. दर पंधरा दिवसांनी तिला डोळे दाखवायला मिरजेला न्यावं लागतं. दिसायला कमी झाल्यापासून रेडिओ हाच तिचा आधार. जुन्या टेपवर १२५१ लावलं की सांगली केंद्र खणखणीत लागायचं. नव्यावर बोट दाबलं की १२५० आणि पुढे थेट १२६०. मध्ये थांबतच नाही. १२५० वर माणूस विहिरीत उतरून बोलतोय असा आवाज येतो. परवा तासगावपासून मिरजेपर्यंत ती गप्प बसून होती. मला ते बघवलं नाही.

दुसरं, रोज सकाळी चावी फिरवली की घड्याळ चुकलेलं, रेडिओवर साठवलेली स्टेशनं गायब, आणि लोगो येऊन पडदा सुरू व्हायला पाऊण मिनिट जातं.

तिसरं, दुपारी गाडी उन्हात असली की उजव्या कडेची बटणं आपोआप दाबली जातात. आवाज एकदम वाढतो, आई दचकते.

कुणाला यातलं कळत असेल तर सांगा. नवीन टेप घ्यायची सध्या ऐपत नाही, यंदा बागेत बराच खर्च झालाय.

वायरिंगवाला_सातारा
दादा, नवीन काही घेऊ नका. माझं दुकान साताऱ्यात आहे, रोज असे दोन-तीन टेप हाताखालून जातात. तुमच्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एकात एक मिसळू नका.

आधी रेडिओ. टेपच्या सेटिंगमध्ये रेडिओचा 'रीजन' बघा. तिथे अमेरिका असणार. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. १२५१ ला ९ ने भाग जातो, १० ने जात नाही, म्हणून तो आकडाच तुमच्या पडद्यावर येत नाही. रीजन युरोप किंवा आशिया करा, मग ९ च्या पायरीने जाईल. एफएमचंही तसंच आहे. अमेरिका ठेवलं तर ०.२ च्या उडीने जातं आणि आपली निम्मी स्टेशनं चुकतात.

आता घड्याळ. टेपला प्लसच्या दोन वायरी असतात. पिवळी कायम बॅटरीची, लाल चावीवरची. पिवळीवर मेमरी जिवंत राहते. बसवणाऱ्याने घाईत दोन्ही एकत्र पिळून चावीवर दिल्या असतील, म्हणून चावी काढली की टेप पूर्ण मरतो आणि सकाळी पहिल्यापासून उठतो. मल्टिमीटर लावून बघा. चावी बंद असताना पिवळीवर १२ व्होल्ट हवेत आणि लालवर शून्य. उलटं करून दोन्ही कायम बॅटरीवर देऊ नका, टेप रात्रभर जागा राहील आणि सकाळी सेल्फ मारायला बॅटरीत जीव उरणार नाही. काम करताना आधी बॅटरीचा मायनस सोडा. पिवळीला फ्यूज आहे ना तेही बघा, काही जण तो काढून वायर सरळ जोडतात. त्याने आग लागू शकते, हे मी गंभीरपणे सांगतोय.

टचबद्दल विचारतो: पडद्यावर चरे पडू नयेत म्हणून वरून वेगळी काच चिकटवली आहे का? आणि चार्जर कुठला लावता?

कऱ्हाडची_ताई
मी रोज कऱ्हाड-सातारा गाडी चालवते. टचचा त्रास मलाही होता, आणि चूक साफ करण्यात होती. घरातला काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारत होते. पाणी ओघळून खालच्या फटीत जायचं आणि तिथलं बटण आपोआप दाबलं जायचं. या पडद्याला बोटाचा विद्युतभार कळतो, ओला थेंबही त्याला बोटासारखाच वाटतो. शिवाय अमोनियाच्या स्प्रेने वरचा थर उडतो, माझ्या पडद्यावर ढगासारखा डाग अजून आहे.

आता टेप बंद करून मायक्रोफायबरचं फडकं साध्या पाण्यात किंचित ओलं करते आणि हलक्या हाताने पुसते. डॅशबोर्डचं पॉलिश पडद्याजवळ येऊच देत नाही, त्याचा तेलकट थर बसतो.

आणि दादा, एक विनंती. पोरांसाठी व्हिडिओ लावत असाल तर टेपची हँडब्रेकची वायर नीट जोडून घ्या. पुष्कळ दुकानदार ती थेट अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडतात, म्हणजे गाडी पळत असतानाही चित्र चालू राहतं. आई शेजारी बसलेली असते, तुमचं लक्ष रस्त्यावरच हवं.

मिरज_१०
उन्हासाठी गाडीच्या पुढच्या काचेला चांदीच्या रंगाचा पडदा लावा आणि गाडी सावलीत लावा. एप्रिलमध्ये आपल्याकडे बंद गाडीच्या आत हात टेकवत नाही. बसल्याबरोबर टेप चालू करू नका, आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या.

बेदाणा_तासगाव
ताई, तुमचं वाचून पडदा नीट बघितला. बागेत गंधक मारून आलो की हाताला पिवळसर पावडर असते, तशाच बोटांनी मी मॅप लावतो आणि वर कोरड्या रुमालाने घासतो. उन्हात तिरकं बघितलं तर गोल गोल बारीक चरे दिसतात. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हँडब्रेकची वायरही बघायला सांगतो.

काच चिकटवलेली आहे, उजव्या कडेला सुटून तिच्यात धूळ गेलीय. चार्जर बाजारातला साधा, सिगारेटच्या खाचेत लावतो.

रीजन बदलला, १२५१ आलं! पण आवाज फार बारीक.

वायरिंगवाला_सातारा
ती काच आजच काढा. तो चार्जर उपसून रेडिओ ऐका. स्वस्त चार्जर मीडियम वेव्हवर खरखर घालतो, टचलाही वेडं करतो.

आवाज बारीक असेल तर निळी वायर शोधा. तुमच्या गाडीचा अँटेना छपरावर आखूड असेल तर त्याच्या बुडाशी छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्याला १२ व्होल्ट निळ्या वायरीतून मिळतात. ती बहुतेक वेळा चिकटपट्टी गुंडाळून मागे सोडून दिलेली असते.

बेदाणा_तासगाव
तसंच निघालं. आमच्या इथल्या वायरमनने डॅशबोर्ड उघडला तर निळी वायर काळी पट्टी गुंडाळून कोपऱ्यात पडलेली. पिवळी आणि लाल एकत्र पिळलेल्या. फ्यूज होता, नशीब. हँडब्रेकची वायर थेट अर्थला होती, तीही काढून जागेवर जोडून घेतली. सगळं मिळून दीड तास लागला. काच काढली, चार्जर दुसरा घेतला, मग भर उन्हात गाडी उभी करून बघितली, बटण आपोआप दाबलं गेलं नाही. आता टेप लगेच सुरू होतो, घड्याळ बरोबर.

आज आईला घेऊन गेलो. चावी फिरवली तर कालचंच स्टेशन लागलं. तिने सीटवर हात चाचपला आणि म्हणाली, "सांगली हाय न्हवं?" मी हो म्हणालो. परत येईपर्यंत ती बोलत होती, पेरणीचं, मामाचं, जुन्या वाड्याचं.

वायरिंगवाले भाऊ, विजेच्या मोठ्या तारांखालून गाडी गेली की तेवढ्यापुरती खरखर येते, पुढे गेलं की जाते. ती तारांचीच ना? की अजून कुठे अर्थिंग ढिलं आहे?

वायरिंगवाला_सातारा
तारांचीच. जुन्या टेपवरही येत असणार. आईंना नमस्कार सांगा.