संमती, परवानगी की होकार?

प्रश्न : तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी नातेसंबंध, लैंगिक आरोग्य आणि वैयक्तिक सुरक्षितता या विषयांवरची शालेय पुस्तिका मराठीत लिहीत आहे. त्यात ‘संमती’ हा शब्द वापरावा, की मुलांच्या रोजच्या तोंडातला ‘परवानगी’? दोहोंच्या अर्थात खरोखर फरक आहे का?

उत्तर : फरक आहे, आणि या विषयात तो फार महत्त्वाचा आहे. परवानगी हा फारसीतून आलेला शब्द अधिकाराचा आहे. ती देणारा वरचा असतो आणि मागणारा खालचा. सहलीला जाण्यासाठी पालकांची परवानगी लागते, वर्गाबाहेर जाण्यासाठी शिक्षकांची. संमती हा शब्द सम् आणि मती यांपासून झालेला आहे. मते जुळणे, हा त्याचा गाभा. दोन समवयस्कांच्या नात्यात कोणीच वरचे नसते, त्यामुळे तिथे परवानगी हा शब्द आणला की एकाने मागत राहायचे आणि दुसऱ्याने, बहुतेक वेळा मुलीने, अडवत राहायचे किंवा सूट द्यायची, असे चित्र मुलांच्या मनात नकळत तयार होते. मुलालाही नको वाटू शकते, ही गोष्ट त्या चित्रात बसतच नाही. म्हणून मी ‘संमती’ सुचवीन.

मात्र या शब्दामागे एक जुने वचन चिकटलेले आहे, त्याचा बंदोबस्त पुस्तिकेतच करावा लागेल : ‘मौनं संमतिलक्षणम्’. सभेत ठराव मांडला आणि कोणी हरकत घेतली नाही, तर तो मान्य झाला असे धरणे ठीक आहे. शरीराच्या बाबतीत हे वचन घातक ठरते. एका वर्गात प्रश्नपेटीतून निघालेली चिठ्ठी मला अजून आठवते. वहीच्या कागदाची चार घड्या घातलेली चिठ्ठी, त्यावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘ती काहीच बोलली नाही, म्हणजे चालेल ना?’ त्यातला ‘चालेल’ दोनदा गिरवलेला होता. भीतीने माणूस थिजतो, हातपाय हलत नाहीत, तोंडातून शब्द फुटत नाही. हे अनेकांच्या बाबतीत घडते आणि त्यात त्यांचा काहीही दोष नसतो. ज्याने लिहिले त्याला हे कोणी सांगितलेलेच नव्हते.

शंका : मग सरळ ‘होकार’ का म्हणू नये? मुलांना तो चटकन कळतो आणि ‘नकार’ ही त्याची जोडीही तयार आहे.

उत्तर : ही जोडी मलाही आवडते आणि वर्गात बोलताना ती जरूर वापरावी. पण होकार हा तोंडातून निघालेला शब्द असतो. तो कसा निघाला, हे त्यात दिसत नाही. मराठीत आपण गळ घालतो, भीड घालतो, शपथ घालतो, मन वळवतो, आणि यातल्या प्रत्येकाच्या शेवटी होकार मिळू शकतो. ‘माझ्यावर प्रेम असेल तर फोटो पाठव’ असे दहादा ऐकल्यावर आलेले ‘बरं’ हा होकार असेल, संमती नव्हे. दुसरी अडचण अशी की लग्नाच्या बोलण्यात ‘मुलीकडून होकार आला’ असे म्हणतात तेव्हा तो कित्येकदा घराचा असतो. संमती ज्याची त्यानेच द्यायची असते.

आणखी एक गोष्ट. दिला शब्द पाळावा, शब्द फिरवू नये, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. त्यामुळे आधी हो म्हटलेल्या मुलाला किंवा मुलीला मध्येच ‘आता नको’ म्हणणे वचनभंगासारखे वाटते. ‘संमती मागे घेणे’ हा प्रयोग मराठीत आहे. तो पुस्तिकेत एकदा नव्हे, चार ठिकाणी यावा.

शंका : ‘संमतिवय’ या शब्दाचे काय करावे?

उत्तर : तो वेगळा ठेवावा. हा शब्द मराठीत गाजला तो १८९१ च्या कायद्याच्या वेळी. हिंदुस्थानात मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देता येण्याचे कायद्यातले किमान वय, १० वरून १२ वर्षे करण्यावरून तेव्हा मोठा वाद झाला, आणि टिळक व आगरकर त्यात विरुद्ध बाजूंना होते. वाद वयाच्या आकड्याचा आणि परक्या सरकारने आपल्या धर्मात व चालीरीतींत हात घालावा का, याचा होता. मुलीला काय वाटते, हे तिलाच विचारावे, हा त्याचा विषय नव्हता. आजही संमतिवय ही कायद्याने ठरवलेली मर्यादा आहे, ती देशोदेशी वेगळी असते, आणि त्या वयाखालच्या मुलाने हो म्हटले तरी कायदा ते संमती म्हणून धरत नाही. मात्र त्या वयावरची व्यक्ती आपोआप संमत असते, असा याचा उलटा अर्थ होत नाही. मुले नेमकी इथेच गोंधळतात, तेव्हा दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी छापावीत.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. ‘संमती घेतली’ आणि ‘संमती मिळवली’ यांत काम एकदाच उरकल्याचा भाव आहे. त्याऐवजी ‘विचारले’, ‘ऐकले’, ‘पुन्हा विचारले’ ही साधी क्रियापदे वापरावीत.